तांबड्या भाताची चव

आबा,

मी दारू प्यायले. आता एवढ्या वर्षांनी तुम्ही ओरडून तरी काय करणार, म्हणून आधी तेच सांगून टाकते. तीही चोरून नाही. सकाळी अकरा वाजता, लख्ख उजेडात, एका परक्या म्हातारीच्या माळ्यावर लाकडी पिंपांच्या मधोमध उभी राहून. आणि ओतून देणारी माझी स्वतःची मुलगी होती. तुम्ही जन्मात थेंबाला शिवला नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या तोंडाला वास आला तर तुम्ही पान उचलून दुसऱ्या ओळीत जाऊन बसायचात. तुमची लेक मात्र पन्नाशी उलटल्यावर फ्रान्सात जाऊन ग्लास तोंडाला लावून आली आणि वर पत्र लिहून तुम्हाला सांगते आहे, म्हणजे किती निर्ढावली असेल बघा. पण त्या घोटानंतर मला आपलं पोशीरचं शेत जसं दिसलं, तसं ते बांधावर उभं राहूनही कधी दिसलं नव्हतं. आणि एकोणीस वर्षं तुमच्याशी जे बोलायचं टाळलं, ते मग टाळता येईना. तुमच्या तांबड्या भाताबद्दल बोलायचं आहे. तो मी घालवला. तो परत आणता येतो का, ह्याच्या मागे माझी गेली दोन वर्षं गेली.

तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात चार वर्षांची होती, तुमच्या टोपीत चिंचोके भरून ठेवायची. ती शिकली, सूक्ष्म जीवांचं शास्त्र घेतलं, आणि एक दिवस म्हणाली की फ्रान्सला वाइन करायला शिकायला जाते. गावात सांगताना मी 'खाद्यपदार्थांचं शिक्षण' म्हणते. मी आता राहते त्या भिसेगावात शेजारणींना तेवढंच माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिला द्राक्षांच्या तोडणीसाठी एका घरी ठेवलं होतं, तेव्हा मी साठवलेली रजा काढून तीन आठवडे तिच्याकडे गेले. आपला धाकटा चिडला. "गौरी सोडून कुठं चाललीस गं ताई? पोरगी काय पळून जाते काय?" म्हणाला. तो आता खोपोलीला कंपनीत पाळी करतो आणि उरलेल्या वेळात आपलं शेत बघतो. त्याचं रागावणं हे तुमच्यासारखंच, दोन वाक्यांत संपतं. मग तोच मला स्टेशनावर सोडायला आला आणि बरोबर वालाच्या डाळीचा डबा दिला, तिथे काही मिळत नसेल म्हणून.

त्या मुलखाचं नाव ज्युरा. फ्रान्सच्या नकाशात तो शोधायला भिंगच हवं, एवढासा आहे. एका बाजूला उंच पठार, दुसऱ्या बाजूला सपाटी, आणि मध्ये उतरणीची अरुंद पट्टी. नेरळहून कर्जतला येताना डोंगराच्या पायथ्याशी जमीन जशी खाली उतरत येते, तशीच. पश्चिमेकडून ढग येतात, त्या पठाराच्या कडेला अडतात आणि तिथेच रिते होतात. हे ऐकल्यावर मला हसूच आलं. एवढं विमानाने जाऊन बघायचं काय, तर डोंगराला अडणारा पाऊस! पण तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं, आणि चैत्राच्या सुमाराला कोवळी पालवी फुटली की एखाद्या पहाटे दहिवर असं काही गोठतं की वर्षाचं पीक काळं पडतं. अशी काळी पडलेली सालं ती म्हातारी बोटांवर मोजून सांगत होती. शेती करणाऱ्या कुठल्याही बाईने सांगावीत तशी, कपाळाला हात न लावता.

ती म्हातारी ऐंशीला टेकलेली, माझ्या मुलीची मालकीण. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला रुमाल, हात तुमच्यासारखे, नखांच्या कडा कायमच्या मळलेल्या. पहिल्या दिवशी तिने मला मळ्यात नेलं आणि द्राक्षं दाखवण्याच्या आधी माती हातात दिली. निळसर करडी, चिकट, ओली झाली की साबणासारखी निसरडी. मी शेतीखात्यात आयुष्यभर मातीचे नमुने पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या आहेत, पण तशी माती मी पाहिली नव्हती. मग तिने त्या ढेकळातून नखाने काहीतरी कोरून काढलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं. आबा, तो दगडाचा तारा होता. मुगाच्या डाळीएवढा, पाच कोनांचा, कुणी सोनाराने घडवावा तसा. मुलगी म्हणाली, "आई, हा प्राणी होता, समुद्राच्या तळाशी राहणारा. इथे समुद्र होता, माणूस जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधी." मी खाली वाकून बघितलं तर मातीत असे तारेच तारे. मी तिथेच वेलीच्या बुंध्याशी बसले. आपली माती आगीतून आली, लाव्हा थंड होऊन त्याचा दगड झाला, दगडाचा चुरा झाला, हे मी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात शंभरदा पाठ म्हणून दाखवलं असेल. पण पोशीरच्या आपल्या खाचरात उभं राहून मला एकदाही असं वाटलं नव्हतं की माझे पाय कशावर आहेत.

तिथे कुठलं द्राक्ष चांगलं, असं कुणी विचारत नाही. विचारायचं ते असं की ह्या मातीला कुठलं द्राक्ष सोसतं. करड्या चिकट मातीत एक, चुनखडीत दुसरं, जिथे खडी आहे आणि ऊन धरून ठेवते तिथे तिसरं. म्हातारीच्या खापरपणजोबांनी हे कधी ठरवलं ते कुणाला माहीत नाही, पण कुणी मोडलेलं नाही. जोराच्या पावसात उतारावरची माती घसरून तळाशी जमते. तिचे वडील हिवाळ्यात ती माती पाठीवरच्या टोपलीत भरून पुन्हा वर नेऊन टाकायचे. ती हे सांगत होती आणि मला तुम्ही दिसत होतात, कापणी आटोपल्यावर खालच्या बांधाच्या कोपऱ्यात साचलेला गाळ घमेल्यातून वरच्या खाचरात नेणारे. मी एकदा म्हटलं होतं, आबा, घमेलं घमेलं काय वाहता, एक टेंपो माती आणून टाकू. तुम्ही म्हणालात, "ती कुनाची माती?" मी ते तेव्हा तुमचं हट्टीपण समजले होते.

माझ्या तिथल्या दुसऱ्या रविवारी गावात त्यांचा सण होता. सगळ्यांनी आपापल्या मळ्यातले पहिले पिकलेले घोस आणून एकत्र बांधले आणि त्यांचा एकच मोठा घोस केला, माणसाहूनही मोठा. चार जणांनी तो दांड्यावर खांद्याला घेतला, पुढे वाजंत्री, मागे सगळं गाव, आणि तो नेऊन देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उंच टांगला. कुणाचा घोस कुठला ते आता कळणार नव्हतं. म्हातारीला विचारलं तर ती म्हणाली, पहिलं त्याचं, मग आपलं. आपण दसऱ्याला नव्या भाताची कणसं आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला बांधतो ते मी मुलीकडून तिला सांगितलं. तिने माझा हात दाबला. घरी गौरी सोडून आल्याची माझी बोच त्या दिवशी कमी झाली.

आता त्या घोटाचं सांगते. तिथली एक वाइन पिवळी असते. ती पिंपात भरतात आणि पिंपात जी जागा रिकामी होत जाते ती पुन्हा भरत नाहीत. इतर सगळ्या जगात म्हणे भरतात, नाहीतर वाइन नासते. इथे मात्र तशीच सोडतात, आणि तिच्यावर आपोआप एक साय धरते, अगदी दुधावर धरते तशी. ती साय जिवंत असते. ती तिथल्या हवेत, तिथल्या भिंतींत, तिथल्या लाकडात राहते, उन्हाळ्यात जाड होते, थंडीत विरळ होते, आणि तिच्याखाली ती वाइन सहा वर्षं तीन महिने पडून राहते. एवढ्या काळात तिला हात लावायचा नाही. पिंपातली बरीचशी उडून जाते. लिटरमागे जेवढी उरते तेवढीच मावेल अशी त्यांची वेगळी बुटकी बाटली असते. मी सरकारी नोकरीत मुरलेली बाई, माझ्या तोंडून निघून गेलं की सहा वर्षं नुसतं पडून? कुणी तपासणी केली आणि विचारलं काय चाललंय, तर काय सांगता? म्हातारी म्हणाली, सांगतो की वाट बघतोय. ते ऐकून माझी मुलगी हसली, पण म्हातारी हसली नाही.

मला वाटलं होतं गोड लागेल, द्राक्षाच्या रसासारखी. गोड कसली! जिभेला आधी कोरडी, मग अक्रोड, आणि मग, आबा, मेथी. आईच्या फोडणीतली, किंचित जास्त झालेली मेथी. मी मराठीत ओरडले, "अगं, मेथी!" मुलगी म्हणाली, "बरोबर आई. मेथीत जो वास असतो तोच ह्याच्यात तयार होतो." म्हातारीने मग दोन ग्लास पुढे केले. एकच द्राक्ष, एकच साल, तेच हात, तसलंच पिंप. फक्त मळे दोन, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. मी मनात म्हटलं, आता ह्या बाया मला बनवणार. आणि मग प्यायले. एक रुंद लागली, दुसरी सुरीसारखी. माझ्यासारख्या अडाणी जिभेलाही कळलं. त्या गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंच्या मातीत फरक होता आणि तो सहा वर्षं सायीखाली राहूनही मेला नव्हता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवासमोर येतो तसा आला, उगाच लपवत नाही. म्हातारी म्हणाली, डावीकडचा मळा वडिलांचा. तो मी झोपेतही ओळखेन.

मग तिने विचारलं, तुमच्याकडे काय पिकतं? मी म्हटलं भात, आणि माझ्या अंगात साहेबीण संचारली. वाण कुठला, किती दिवसांत तयार होतो, रोगाला कसा दाद देत नाही, सगळं सांगितलं. मुलगी भाषांतर करून दमली. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं. मुलगी म्हणाली, "आई, त्या विचारतायत, चव कशी असते? आपल्या शेताची अशी."

"सांग त्यांना, आता सगळीकडे मिळतं तेच बी पेरतो. आधी घरचं होतं, तांबडं."

"ते कुठे गेलं म्हणतायत."

"संपलं."

म्हातारीने अजून काही विचारलं. मुलीने हातातला ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "आई, त्यांचं बोलणं जरा थेट असतं. त्या विचारतायत, कुणी संपवलं?"

"सांग, मी," मी म्हटलं. तिने ते सांगितलं की नाही कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलं फक्त. तिला हे ठाऊक नव्हतं.

तुम्हाला आठवत असेलच. मला शेतीखात्यात नोकरी लागली ते पहिलं वर्ष. वैशाखात मी नव्या बियाण्याची छापील पिशवी घेऊन माहेरी आले, लेकीची पहिली भेट म्हणून. आईने पिशवीला हळदकुंकू लावलं. तुम्ही ती दोन्ही हातांनी घेतलीत आणि विचारलंत, "पेंढा केवडा पडतो?" मी म्हटलं, आबा, हा बुटका आहे, लोळत नाही, दाणे दुपटीने धरतो, पेंढ्याचं काय घेऊन बसलात. गोठ्यात दोन बैल होते आणि गोठ्याचं छप्पर पेंढ्याचं होतं, हे माझ्या पुस्तकात नव्हतं. मग मी राबावर घसरले. तुम्ही तेव्हा रोपाच्या जागेवर शेण, त्यावर ऐनाच्या झाडाचे टहाळे, त्यावर गवत आणि वरून चाळलेली माती पसरून राब भाजायच्या तयारीत होतात. मी म्हटलं, जाळू नका, मातीतले जीव मरतात. "आनि तण कोन मारील? तू येशील नखानं उपटाया?" असं तुम्ही म्हणालात आणि आई हसली. माझा अपमान झाला. गावात माझ्या बैठका सुरू व्हायच्या होत्या आणि माझ्याच घरी राबाचा धूर निघणार होता. म्हणून मी पुढचं वाक्य बोलले. जुनं बी घरात ठेवूच नका, भेसळ होते. असं कुणी मला बोलायला सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या पदरचं जोडलं.

तुम्ही हातांची माती झटकलीत. मग आईला म्हणालात, "ती सायबीन हाय. तिचं घरच्यांनीच आयकलं नाय, त भायेरचे कशाला आयकतील?" दुसऱ्या दिवशी तुम्ही कणगीतलं सगळं बी काढून भरडायला नेलंत. तुमच्या बापाच्या, आज्याच्या हातून आलेलं. तुम्ही त्याला कधी नाव दिलं नव्हतं, नुसतं 'घरचं' म्हणायचात. नवा भात चांगला आला, खोटं कशाला बोलू. गावात माझं नाव झालं, माझ्या बैठकांना लोक तुमचा दाखला द्यायचे. तुम्ही खळ्यात उभे राहून नव्या भाताचा एक दाणा दातांखाली फोडायचात, चावायचात आणि पोती शिवायला बसायचात. मी ते दरवर्षी बघायची. एकदाही विचारलं नाही.

परत आल्यावर मी शोधायला लागले. कार्यालयातल्यांना विचारलं, पोशीरमधल्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळे म्हणायचे, होता बाई, लई चवीचा होता, आता कुठला. माझ्यामुळेच सगळ्यांनी सोडलेला, म्हणून कुणी जास्त बोलायचंही नाही. मग हिवाळ्यात खालापूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीत मातीचे नमुने घ्यायला गेले, तर एका घराच्या वळचणीला कणसांची जुडी टांगलेली. लांब कुसळं, आणि काडीच्या पेरापाशी जांभळट कड. ती कड तुम्ही मला लहानपणी बोट लावून दाखवायचात, निंदताना आपलं रोप ओळखायला. मी ती कड बोटाने चाचपून बघितली. आतून एक म्हातारी आली. मी विचारलं, हे बी कुठलं?

"पोशीरचं हाय. एका म्हाताऱ्यानं दिलावतं. लावनीला जायचो आमी त्याच्याकडं."

मी म्हटलं, "तो माझा बाप."

तिने मला खालून वर न्याहाळलं. "मंग तुज्या बापाचं हाय. पन आता माजं झालंय. लय पावसाळं काडलं त्यानं ह्या डोंगरावर. खाली नेशील त पयल्या साली रुसंल. दोन साल सांभाळ, मंग तुमच्या मातीचं व्हईल." तिने सूपभर बी माझ्या पदरात घातलं. बदल्यात काही घेतलं नाही. म्हणाली, पिकलं का मूठभर आन, खाऊन बगीन.

मी एवढ्या मेळाव्यांत भाषणं केली, पण बी मातीवर रुसतं आणि मग तिचं होतं, हे इतक्या सरळ कुणाकडून ऐकलं नव्हतं. समुद्रापलीकडच्या त्या म्हातारीनेही हेच सांगितलं असतं. दोघींनी एकमेकींना जन्मात बघितलं नाही आणि बघणारही नाहीत.

आम्ही राब भाजला, आबा. मी आणि धाकट्याने. वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवायचा असतो हे त्याला आठवत होतं, मला नाही. धूर बघून बांधावरून एक जण ओरडला, "काय मॅडम, तुमीच त बंद कराया लावलंत न? आता तुमीच लावताय आग?" मी म्हटलं, "तेव्हा चुकले." तो बिचारा गडबडला, त्याला थट्टा करायची होती. मधल्या खाचरात लावलं. पहिल्या वर्षी खरंच रुसलं. हस्ताच्या पावसात अर्धं लोळलं, निम्मे दाणे पोचट. धाकटा म्हणाला, पुढच्या साली नको गं, शेलूकडे सगळीकडे इमारती उठतायत, लोक भात सोडतायत आणि आपण रुसलेल्याची समजूत काढत बसायचं? पण त्यानेच बी सांभाळून ठेवलं. ह्या वर्षी मात्र ते कमरेच्या वर उभं राहिलं. कुसळांवर ऊन पडलं की खाचर तांबूस दिसायचं. मी रोज ऑफिसातून पोशीरला जाऊन उभी राहायची, नुसतं बघायला. पेंढा तर पुरुषभर उंच रचावा लागला. धाकट्याने त्यातला एक भारा ऐटीत माझ्या गाडीवर टाकला, म्हणाला, घे, मोज.

भात गिरणीवाल्याला सांगून न घासता, तांबडा कोंडा तसाच ठेवून भरडून आणला. भावजयीने वालाचं बिरडं केलं. ताटं वाढली, आणि धाकट्याने पहिला घास नुसता, कालवण न घेता तोंडात टाकला. तो चावत राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि त्याच्या गालावरून पाणी यायला लागलं. "हाच गं ताई," तो म्हणाला. "हाच. शेवटाला येतं बग, जरा तुरट, न मंग गोड. आबाचा हाच." एवढा मोठा माणूस, पोरांसमोर रडत होता. मुलीने फोनवरून विचारलं, "आई, आजोबांचाच आहे ना? इथल्या आजीही विचारतायत." मी म्हटलं, हो. डोंगरातल्या म्हातारीलाही मूठभर नेऊन दिला. तिने दोन दाणे चावले, मान हलवली, म्हणाली, "माजा नाय ऱ्हायला." आणि हसली.

सगळे मला विचारतात आणि मी सगळ्यांना हो म्हणते. पण तुम्हाला खोटं सांगता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे. कर्जतच्या शाळेत आठवीत गेले तेव्हा डब्यातला तांबडा भात बघून मुली हसल्या, आणि घरी येऊन मी पाय आपटले की हा भात मी खाणार नाही. तुम्ही रागावला नाहीत. पुढच्या बाजारापासून नेरळहून माझ्यापुरता पांढरा तांदूळ आणायला लागलात, आणि आई माझ्यासाठी वेगळं छोटं भांडं चढवायची. लग्न होऊन जाईपर्यंत मी तुमच्या घरात तेच खाल्लं. कणगीतलं ते शेवटचं भरडून आणलंत त्या दिवशी तुम्ही निरोप धाडला होतात, जेवायला ये. मला बैठक होती.

हे पत्र धाकट्याच्या हाती लागलं तर त्याचा घास कडू होईल, म्हणून ते मी कुणालाच दाखवणार नाही. तो म्हणतो हाच, तर तोच असेल. तो रोज तुमच्या ताटाशेजारी बसून खात होता. मी तो भात पुन्हा पुन्हा शिजवते, डोळे मिटून चावते, तुरट येतं, मग गोड येतं, आणि मी वाट बघत बसते. पण मला ओळखता येत नाही, आबा. तुमचा भात कसा लागायचा ते मला आठवत नाही.